रुंद पडद्यावरचा मूळपुरुष

मॉनिटर सोमवारी दुपारी आला आणि संध्याकाळपर्यंत आमच्या जिन्यातल्या सहा घरांना कळलं की तोक्तोसुन मास्तरांचा मूळपुरुष लठ्ठ होता आणि त्याचा घोडा बुटका होता.

दोन्ही गोष्टी धादांत खोट्या आहेत. आमचा मूळपुरुष कारागुल शिडशिडीत होता आणि त्याच्या पांढऱ्या घोड्यावर चढायला दगडावर उभं राहावं लागे, असं आमच्या घरात तेरा पिढ्या सांगत आलेत. तपासायला आता कोणी उरलेलं नाही, हे मान्य. पण म्हणून बिशकेकमधल्या एका चौथ्या मजल्यावर, चहा प्यायला आलेल्या परक्यांसमोर त्याची अशी शोभा व्हावी?

रविवारी दुपारी बारा वाजता कुळातली वडीलधारी मंडळी माझ्याकडे येणार होती. ऑगस्टमध्ये गावी कुळाचा मेळावा आहे, त्यात टांगायला वंशावळीचा नवा कागद हवा होता, आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवतोय आणि नकाशे काढण्यात माझा हात बसलेला आहे. एकूण सहाशे बारा पुरुष. वर मधोमध घोड्यावर बसलेला कारागुल, खाली त्याचे सात मुलगे, आणि मग ज्याची त्याची फांदी. माझी बायको बुरूल आकडा ऐकून म्हणाली, “सहाशे बारा पुरुष आणि बाई एकही नाही? शेतात उगवले वाटतं सगळे!” तिच्या बोलण्याकडे तुम्ही लक्ष देऊ नका. मीही वरवर देत नाही.

जुना कागद माझ्या एका चुलत आजोबांनी हाताने लिहिला होता. त्यांनी थोरल्या फांदीपासून सुरुवात केली, ऐसपैस अक्षर काढलं, आणि सातव्या, म्हणजे आमच्या फांदीशी येईपर्यंत कागद संपला. मग त्यांनी सरळ कागद उलटला आणि आम्हाला मागच्या बाजूला लिहिलं. कागद भिंतीला टांगतात. म्हणजे गेली चाळीस वर्षं प्रत्येक मेळाव्यात सगळं कूळ लोकांकडे तोंड करून, आणि आम्ही भिंतीकडे. माझे वडील साटीबाल्दी दर वेळी त्या कागदासमोर जाऊन उभे राहायचे, टोपी नीट करायचे, आणि काहीही न वाचता परत येऊन दाराजवळ बसायचे. आमच्यात दारापासून सर्वांत लांबची जागा मानाची, तिला तोर म्हणतात. दाराजवळची कोणाची, ते सांगायला नको. वडील गेले त्याला सहा वर्षं झाली.

म्हणून मी ठरवलं होतं: एक कागद, एकच बाजू. पण लॅपटॉपवर एका वेळी माझे अकरा पूर्वज दिसायचे. एक टोक सरळ करावं तर दुसरं टोक कुठे गेलं ते कळायचं नाही. तेव्हा हा लांबच लांब मॉनिटर घेतला. अख्खी वंशावळ त्यावर एकदम दिसेल, वडीलधारे पाहतील, होकार देतील, कागद छापायला जाईल. आणि अक्षर वाचता नाही आलं, तर कोणीतरी म्हणेल, “दोन्ही बाजूंना छापू.” कोण म्हणेल हेसुद्धा मला ठाऊक होतं. थोरल्या फांदीचे एसेनकुल-बाइके. मोठ्या भावाला, वयाने मोठ्या कुणालाही बाइके म्हणायचं, म्हणून मी त्यांना बाइके म्हणतो. दुसरं काही म्हणायची सोय नाही.

तर सोमवार. मॉनिटर खोक्यातून काढला आणि मी वायर शोधतोय तोवर बुरूलने त्यावर आपला लग्नातला पांढरा रुमाल टाकला आणि जिन्यात जाऊन सांगून आली. आता, घरात नवी वस्तू आली, की ती पहिल्यांदा पाहणाऱ्याने हात हलवत यायचं नसतं. नव्या सुनेचं तोंड बघताना देतात तसं काहीतरी द्यायचं असतं. त्याला कोरुमदुक म्हणतात. तासाभरात आमच्याकडे तळलेल्या पिठाच्या बोरसोकांची परात, दोन टॉवेल, जर्दाळूच्या मुरंब्याच्या तीन बरण्या आणि खालच्या मजल्यावरच्या रिम्मा पेत्रोव्नांकडून पियानोवर ठेवायचा चिनी मातीचा कुत्रा असा ऐवज जमला. आमच्याकडे पियानो नाही.

“उघडा आता,” मेलिस-बाइके म्हणाले. हे आमचे शेजारी. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले, पण खातं अजून त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही.

बुरूलने रुमाल ओढला. पडदा उजळला. आणि कारागुल दिसला. गाल दोन्हीकडे पसरलेले, खांदे कपाटाएवढे, आणि खाली घोडा इतका रुंद आणि ठेंगणा, की त्याने पाय पोटाशी घेतलेत असं वाटावं. सहाशे बारा नावांची अक्षरं आडवी ओढून पुसट झालेली.

एकदा कोरुमदुक दिल्यावर काहीतरी चांगलं बोलावं लागतं, हीच सगळ्यांची पंचाईत होती.

“खाऊनपिऊन सुखी होते हो तुमचे पूर्वज,” रिम्मा पेत्रोव्ना म्हणाल्या.

“घोडा बसलाय का?” मेलिस-बाइकेंनी विचारलं.

मी रात्रभर कुशी बदलत होतो. मंगळवारी दुकान उघडल्या उघडल्या फोन केला. पलीकडचा माणूस फार शांत होता. “चित्र येतंय ना?” तो म्हणाला. मी म्हटलं, येतंय, पण फुगून येतंय. “चित्र येत नसेल तर वॉरंटी. चित्र कसं येतंय हे वॉरंटीत बसत नाही. तुमच्या कॉम्प्युटरला या मॉनिटरचं खरं माप कळत नाहीये. चौतीसशे चाळीस बाय चौदाशे चाळीस. ते यादीत आहे का बघा.” मी पाहिलं. यादीत लहान लहान मापं होती, हे नव्हतं. “मग ड्रायव्हर नवा घाला,” म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. ड्रायव्हर म्हणजे मॉनिटर आणि कॉम्प्युटर यांचं बोलणं करून देणारा मध्यस्थ, एवढं मला मेलिस-बाइकेंनी समजावलं. समजावता समजावता त्यांनी मॉनिटरच्या मागची बटणं दाबून पाहिली, आणि मॉनिटरच्या सगळ्या सूचना चिनी झाल्या. त्यानंतर त्या बटणांना हात लावायची कोणाची छाती झाली नाही.

ड्रायव्हर घालायला गेलो तर कॉम्प्युटर म्हणाला, आधी पासवर्ड. लॅपटॉप शाळेचा आहे, आणि पासवर्ड आमच्या शाळेची यंत्रं सांभाळणाऱ्या कुबातकडे असतो.

बुधवारी मी शाळेत. सुट्टी असल्याने ऑफिसात एकट्या सचिवबाई काकड्यांचं लोणचं घालत बसल्या होत्या.

“कुबातचा पासवर्ड कुबातकडे, आगाय,” त्या म्हणाल्या. शाळेत मास्तरांना आगाय म्हणतात, आणि ज्या सुरात म्हणतात त्यावरून काम होणार की नाही ते कळतं. हे होणार नव्हतं.

“आणि कुबात कुठे?”

“जायलूवर. छातीत कफ झालाय म्हणून डॉक्टरांनी तीन आठवडे कुमिस प्यायला सांगितलीय. घोडीचं ताजं दूध आंबवायचं म्हणजे घोडी नको? ती इथे शाळेत कुठून येणार?”

“फोन?”

“डोंगरावरच्या कुरणात फोन लागतो होय!”

मी म्हटलं, ठीक आहे, मी लॅपटॉप घेऊन वर जातो. तसा त्यांनी बरणीतून हात काढला. “लॅपटॉप शाळेच्या बाहेर न्यायचा तर परवाना लागेल.”

“अहो, तो सहा वर्षं माझ्या घरीच आहे!”

“ते मी ऐकलंच नाही. परवाना हवा तर वस्तू आधी शाळेत दिसायला हवी. आणा, दाखवा, मग बाहेर न्यायचा अर्ज करा.”

मी घरी गेलो, लॅपटॉप शाळेत आणला, त्यांना दाखवला, तो शाळेत आहे असं त्यांनी लिहून घेतलं, आणि लगेच तो शाळेबाहेर नेण्याचा परवाना दिला. ‘कारण’ या रकान्यात मी ‘पूर्वज’ लिहिलं. त्यांनी ते खोडून ‘दुरुस्ती’ केलं. तीस वर्षांच्या नोकरीत माझा अर्ज कोणी खोडला नव्हता, पण रागवायलाही सवड नव्हती. चारच दिवस उरले होते.

गुरुवारी सकाळी मी शेअर टॅक्सीत बसलो. खिंड ओलांडून चार तासांनी कुरण आलं, आणि तंबूबाहेर कुबात मांडी घालून बसलेला दिसला. शहरात हा माणूस कायम पिवळा पडलेला असतो. इथे त्याला घोडीचं दूध इतकं मानवलं होतं की दोन गाल मला मूळपुरुषाचीच आठवण देऊ लागले.

“पासवर्ड?” तो म्हणाला. “तोंडी सांगायचा नाही असा नियम आहे, आगाय. मी स्वतः टाकेन. पण ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट लागेल, ते फक्त त्या टेकडीवर येतं. आणि टेकडीवर जायच्या आधी...”

आधी काय, ते त्याच्या मावशीने दाखवलं. तिने माझ्या हातात कुमिसचं वाडगं दिलं. ते संपलं तसं दुसरं. मी म्हटलं, मावशी, मला घाई आहे. ती म्हणाली, “असेल. मेंढी आत्ताच कापलीय. ती काय तुझ्या घाईने शिजणार आहे?” दारात आलेला पाहुणा न जेवता गेला तर खालच्या कुरणापर्यंत तिची नाचक्की होईल, हे मलाही कळत होतं. पाच वाडगी झाली. पाचव्यानंतर मला घोड्यावर बसवलं.

शेवटचा मी घोड्यावर बसलो तो आठवीत. मावशीने आपल्या शालीने लॅपटॉप माझ्या छातीशी बांधून दिला, तान्हं बाळ बांधतात तसा, आणि माझ्या तोंडून त्या अख्ख्या चढणीवर एकच वाक्य निघत होतं, ते म्हणजे “हळू, हळू.” घोडा हळूच चालला होता. मी ते स्वतःलाच सांगत होतो. टेकडीच्या माथ्यावर नऊ जण फोन वर धरून उभे होते आणि तिथेही रांग होती. माहेरी फोन करणाऱ्या नव्या नवऱ्या आधी, मग मेंढ्यांचे व्यापारी, मग बाकीचे. ‘दुरुस्ती’चा माझा नंबर बाकीच्यांत लागला. कुबातने कोट डोक्यावरून ओढून आत पासवर्ड टाकला. ड्रायव्हर उतरायला दोन तास लागले. खाली आलो तेव्हा मेंढी शिजली होती, म्हणून रात्रीही राहावं लागलं.

शुक्रवारी दुपारी घरी पोचलो, तोंड न धुता वायर जोडली, यादी उघडली, आणि खरं सांगतो, मी ओरडलो. चौतीसशे चाळीस बाय चौदाशे चाळीस! बुरूल हातातलं पीठ झाडत धावत आली, मेलिस-बाइके न बोलावता आले. मी ते माप निवडलं.

पडदा काळा झाला. पूर्ण काळा. मग अंधारातच पंधरा सेकंद गेले आणि लठ्ठ मूळपुरुष परत आला, जणू काही घडलंच नाही. कॉम्प्युटर विचारत असतो, बदल ठेवायचा का, पण ते विचारतो काळ्या पडद्यावर, म्हणजे आपल्याला दिसतच नाही, आणि आपण उत्तर दिलं नाही की तो आपल्या मनाने ‘नाही’ धरतो. मी सतरा वेळा प्रयत्न केला. अंधारात अंदाजाने होय दाबून पाहिलं. मेलिस-बाइकेंना मोठ्याने आकडे मोजायला लावले. बुरूल म्हणाली, “अहो, घाम पुसा, कीबोर्डवर पडतोय.”

“माझं ऐक तोके,” मेलिस-बाइके म्हणाले. ते खुशीत आले की मला तोके म्हणतात. “टाकी भरलेली आहे, नळही चांगला आहे. मधला पाइप बारीक आहे. तुझी केबल जुनी. एवढं मोठं चित्र तिच्यातून येणार कसं? गळा आवळल्यासारखं होतंय तिला.”

ते बरोबर होते, आणि याचा मला जास्त त्रास झाला. शनिवारी आम्ही दोघं कंटेनरांच्या बाजारात वणवण फिरलो. पहिल्या दुकानदाराने सगळ्या केबली सारख्याच असतात म्हणून दिलेली केबल मॉनिटरला बसली, पण लॅपटॉपला तसं भोकच नव्हतं. दुसऱ्याने मधे जोडायचा तुकडा दिला, तो दोन्हींना बसला आणि कशालाच चालला नाही. तिसऱ्याने लॅपटॉप हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, याला जी हवी ती मंगळवारी येईल. आणि तुम्हाला उगीच घोर नको म्हणून आत्ताच सांगतो: ती मंगळवारी आली, बसली आणि चालली, आज माझा मूळपुरुष शिडशिडीत आहे. पण कुळाची मंडळी रविवारी येणार होती. मंगळवारच्या केबलने रविवारची अब्रू वाचत नाही.

शनिवारची संध्याकाळ मी भिंतीकडे बघत काढली. बुरूल शेजारी येऊन बसली. “साधा कागद दाखवा ना छापून,” ती म्हणाली. मी म्हटलं, आपल्या प्रिंटरवर चोवीस तुकडे होतील, आणि तुकडे जोडले की एसेनकुल-बाइकेंना बोलायला आयताच मुद्दा मिळेल. मला भीती वाटत होती, हे मी तिला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. ती म्हणाली, “माहितीये की. सोमवारपासून चहात मीठ घालताय.”

रविवारी मंडळी बाराऐवजी पावणेबाराला आली. सात जण, सगळ्यांत थोर शार्शेन अक्सकाल (पांढऱ्या दाढीच्या वडीलधाऱ्याला अक्सकाल म्हणतात), वय चौऱ्याऐंशी, कुळात त्यांच्या शब्दापुढे शब्द नाही. कोणी कुठे बसायचं यावर नेहमीप्रमाणे “तुम्ही वर”, “छे छे, तुम्ही वर” करत वीस मिनिटं गेली, आणि शेवटी सगळे अगदी तिथेच बसले जिथे पहिल्यापासून बसणार होते: अक्सकाल तोरवर, त्यांच्या उजव्या हाताला एसेनकुल-बाइके, मग वयाप्रमाणे उतरत उतरत बाकीचे. तोरवरून समोर दिसावा म्हणून मॉनिटर मी दाराच्या भिंतीला लावला होता. मी आणि बुरूल दाराशी, मॉनिटरच्या कडेला, चपलांच्या जवळ, ती चहाची किटली घेऊन.

मी पडदा चालू केला.

अक्सकाल बराच वेळ डोळे बारीक करून पाहत राहिले. “हा कोण?”

“कारागुल, अक्सकाल.”

“घोड्यावर आहे का घोड्यात आहे?”

दोघं हसले. मी केबलीबद्दल सांगायला लागलो, मंगळवारबद्दल, मापाबद्दल, आणि ‘चौदाशे चाळीस’ म्हणताना माझा आवाज चिरकला. एसेनकुल-बाइकेंनी हात वर केला. ते रागावत नाहीत, समजावतात. ते जास्त वाईट.

“मास्तर, मेहनत केलीस, दिसतंय. पण अक्षर बघ, मुंग्या चिरडल्यासारखं आहे. इतकी माणसं एका बाजूला मावतच नाहीत. असं करू, शेवटची फांदी मागे घेऊ. नाहीतरी ती मागेच होती. त्यांना सवय आहे.”

सवय आहे. माझे कान तापले. आठवडाभर उत्तरं पाठ केली होती, त्यातलं एकही आठवेना. बाकीचे माना डोलावू लागले होते.

“इथून बरोबर दिसतो,” बुरूल म्हणाली.

“सूनबाई, चहा,” एसेनकुल-बाइके म्हणाले.

“काय म्हणाली ती?” अक्सकालांनी विचारलं.

बुरूलने किटली खाली ठेवली. “इथे दाराशी बसलं की पडदा तिरका दिसतो ना, मग घोडा आवळला जातो आणि सरळ होतो. आणि जवळ असल्याने नावंही वाचता येतात.”

अक्सकालांनी काठी टेकली आणि ते उठले. दोघांनी हात दिला, तो त्यांनी झटकला. ते अख्खी खोली ओलांडून आले, माझ्या शेजारच्या उशीवर, चपलांना पाठ लावून बसले, आणि मान कलती केली. “अरे,” ते म्हणाले. “हा तर कारागुल.”

मीही पाहिलं. आठवडाभर मी त्या मॉनिटरच्या समोर बसलो होतो, एकदाही कडेला बसलो नव्हतो. तिरक्या नजरेने घोड्याचे पाय लांब झाले होते, कारागुलचे गाल आत गेले होते. शिडशिडीत माणूस.

पण आता वेगळाच घोळ झाला. अक्सकाल दाराशी बसल्यावर त्यांच्यापेक्षा वर कोण बसणार? एसेनकुल-बाइके आधी चुळबुळले, मग उठले. मग बाकीचे पाचही उठले. सगळ्यांना अक्सकालांच्या खाली जायचं होतं, आणि खाली दोन हात जागा होती. एक जण चपलांवर बसले, एक दाराच्या चौकटीत, एसेनकुल-बाइके बाहेर जिन्यालगतच्या बोळात मेलिस-बाइकेंच्या सायकलला टेकून. ढकलाढकलीत बुरूलची किटली लवंडायला आली, ती घेऊन ती मागे सरत गेली, आणि मोकळी जागा म्हणून उरली ती फक्त तोर.

“उभी का? बस की,” अक्सकाल म्हणाले.

“कुठे बसू?”

“जागा आहे तिथे बस.”

तिने माझ्याकडे पाहिलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, त्या जागेवर ती फक्त फडकं मारायला गेलेली आहे. ती बसली. किटली मांडीवर, पाठ ताठ.

“सूनबाई, तिथून कसं दिसतंय?” अक्सकालांनी विचारलं.

“इथून सगळेच फुगलेले दिसतात, अक्सकाल.”

शार्शेन अक्सकाल इतके हसले की त्यांना ठसका लागला. बोळातून हसण्याचा आवाज आला नाही.

मग त्यांनी चष्मा लावला. दाराशी बसल्यावर पडद्याची जी कड सर्वांत जवळ येते ती उजवी, आणि उजव्या कडेला आमची फांदी. त्यांनी खालच्या टोकाशी बोट टेकवलं आणि वाचलं, “तोक्तोसुन. हा तू. तोक्तोसुनचा बाप साटीबाल्दी. साटीबाल्दी...” ते थांबले. “एवढे मेळावे मी हा कागद पाहतोय. हे नाव मी वाचल्याचं आठवत नाही.”

“ते मागे होतं,” मी म्हणालो.

“आणि तो स्वतः? तो कुठे बसायचा?”

मला खोटं बोलता आलं असतं. “तुम्ही आत्ता बसलाय तिथे.”

त्यांनी उशीकडे पाहिलं, चपलांकडे पाहिलं.

“पण अक्सकाल,” बोळातून एसेनकुल-बाइके म्हणाले, “एकाच बाजूला सगळे घ्यायचे तर अक्षर फार बारीक होईल. लांबून वाचता येणार नाही.”

“ज्याला वाचायचंय तो उठून जवळ येईल,” अक्सकाल म्हणाले. “एका बाजूला छाप, तोक्तोसुन. सगळे.” आणि ते पुन्हा पडद्याकडे वळले. “साटीबाल्दीचा बाप दोलोत. दोलोतचा बाप...”

आमच्या फांदीत एकोणीस नावं आहेत. त्यांनी एकोणीसही मोठ्याने वाचली, आणि ती वाचून होईपर्यंत कोणी चहा मागितला नाही.